हातात मावणारा संगणक

बंगळूर हे नाव मराठी माणसाला परके नाही. शहाजीराजांची जहागीर म्हणून ते आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. या शहराच्या दक्षिण अंगाला बसवनगुडी नावाची एक जुनी वसाहत आहे. कानडीत बसव म्हणजे नंदी आणि गुडी म्हणजे देऊळ. तेथील टेकडीवर एकाच शिळेतून कोरलेला, सुमारे पंधरा फूट उंचीचा नंदी आहे आणि त्याच्यावरूनच सगळ्या परिसराला हे नाव पडले. १८९८ साली बंगळुरात प्लेगची साथ आली, तेव्हा दाटीवाटीच्या पेठा सोडून लोक मोकळ्या हवेकडे निघाले, आणि बसवनगुडीची वस्ती वाढीस लागली.

दरवर्षी कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी येथे जत्रा भरते. तिला ‘कडलेकाई परिषे’ म्हणतात; म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. कथा अशी सांगतात की, आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांचे भुईमुगाचे पीक रातोरात कोणीतरी फस्त करी. शेतकरी पाळत ठेवून बसले, तेव्हा तो चोर म्हणजे एक बैल असल्याचे दिसले. त्यांनी त्याला मारले आणि तो जागच्या जागी शिळा होऊन बसला. मग शेतकऱ्यांना पश्चात्ताप झाला, देऊळ उभे राहिले, आणि नव्या हंगामाच्या पहिल्या शेंगा नंदीला वाहण्याची चाल पडली. कथा कशीही असो, जत्रा खरी आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीग लागतात, कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या. आणि त्या ढिगांमागे दूरदूरच्या गावांहून आलेले शेतकरी आणि विक्रेते बसलेले असतात.

आजचा माझा विषय संगणकाचा आहे आणि मी आरंभ केला तो शेंगांच्या ढिगापासून, याचे श्रोत्यांना कदाचित नवल वाटेल. परंतु ज्या संगणकाची कथा मला सांगावयाची आहे, तो या ढिगामागे बसलेल्या माणसासाठीच कल्पिलेला होता. या माणसाला आपल्या मालाची पारख आहे. पीक केव्हा पेरावे, केव्हा काढावे, हे त्याला कोणी शिकवायला नको. त्याला माहीत नसते ते एवढेच, की आज दुसऱ्या बाजारात भाव काय आहे, पुढील आठवड्यात पाऊस येणार की नाही, सरकारदरबारी आपल्या जमिनीची नोंद बरोबर आहे की नाही, आणि सोसायटीच्या खात्यावर नेमके किती रुपये देणे निघते. ही माहिती कोठेतरी असते. ती अडत्याजवळ असते, कारकुनाजवळ असते, शहरातील शिकलेल्या माणसाजवळ असते. ज्याचे पोट तिच्यावर अवलंबून आहे त्याच्याजवळ मात्र ती नसते.

याच बसवनगुडीच्या बाजूस, बुल टेंपल रस्त्यावर, आपल्या गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावाची एक संस्था आहे. कन्नडमधील थोर लेखक डी. व्ही. गुंडप्पा यांनी ती १९४५ साली स्थापन केली. पुण्याच्या गोखल्यांचे स्मारक कर्नाटकात एका कन्नड विद्वानाने करावे, ही आपल्याला अभिमान वाटण्याजोगी गोष्ट आहे. पण तिचे येथे स्मरण होते ते आणखी एका कारणाने. गोखल्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळापुढे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. या देशातील प्रत्येक मुलाला लिहितावाचता आले पाहिजे, हा त्याचा आशय होता. पुढल्याच वर्षी ते विधेयक फेटाळले गेले. लिहितावाचता न येणारा माणूस आपल्याच व्यवहारात कसा परस्वाधीन होतो, हे गोखल्यांनी ओळखले होते. बंगळुरातील काही संगणकतज्ज्ञांनी सुमारे नव्वद वर्षांनी हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने हाती घेतला. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही माहिती मिळेल असे यंत्र आपण करू शकू काय, असे त्यांनी स्वतःला विचारले.

हा प्रश्न विचारता येण्याआधी संगणकाला फार लांबचा प्रवास करावा लागला होता. आपल्या देशात पूर्णपणे रचलेला एक आद्य संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कामाला लागला. ‘टिफ्रॅक’ असे त्याचे नाव. निर्वात नळ्यांचे, खोली व्यापणारे ते अवजड यंत्र होते, आणि त्याच्याजवळ जाण्याचा अधिकार शास्त्रज्ञांचा. संगणक एका माणसाच्या, किंबहुना एका लहान मुलाच्या, मांडीवर बसावा ही कल्पना अमेरिकेतील ॲलन के यांनी १९७२ साली एका निबंधात मांडली. ‘डायनाबुक’ असे नाव देऊन त्यांनी त्याचे चित्र रेखाटले; पण त्या वेळी ते केवळ चित्रच होते. १९८१ साली ‘ऑस्बोर्न’ नावाचा उचलून नेता येईल असा संगणक बाजारात आला. उचलून नेता येईल असे म्हणावयाचे एवढेच, कारण त्याचे वजन अकरा किलो होते आणि तो विजेच्या बटणापासून दूर गेला की निरुपयोगी ठरे. १९८३ साली मात्र ‘मॉडेल १००’ नावाचे एक वहीएवढे यंत्र निघाले. ते चार साध्या बॅटऱ्यांवर कित्येक तास चाले. वार्ताहरांनी ते आवडीने वापरले. घटनास्थळीच बातमी लिहावयाची आणि टेलिफोनच्या तारेवरून ती कचेरीत पाठवावयाची. लहान संगणकाचा खरा उपयोग काय, याचा हा पहिला धडा होता. मोठ्या संगणकाची लहान नक्कल करण्यात त्याचे मोल नव्हते; जेथे काम घडते तेथे तो जाऊ शकला, यात होते.

असे असूनही हे सारे संगणक इंग्रजी जाणणाऱ्या, टंकलेखन येणाऱ्या आणि पगारदार माणसासाठीच होते. १९९८ साली बंगळूर शहर संगणकाच्या उद्योगामुळे जगभर गाजू लागले होते. परंतु ज्या शहरात परदेशांसाठी लक्षावधी ओळींच्या आज्ञावली लिहिल्या जात होत्या, त्याच शहराच्या वेशीबाहेरील खेड्यात संगणक नावाची वस्तू कोणी पाहिलेली नव्हती. त्याची किंमत नोकरदाराच्या अनेक महिन्यांच्या पगाराएवढी, त्याला अखंड वीज हवी, आणि त्याची भाषा परकी. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात विकसनशील देशांसाठी माहितीचे तंत्रज्ञान या विषयावर बंगळुरात एक आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला. त्या चर्चेतून एका साध्या, स्वस्त यंत्राची कल्पना पुढे आली.

ती कल्पना उचलून धरणाऱ्यांत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील चार प्राध्यापक होते: विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय. त्यांच्या जोडीला एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीचे विनय देशपांडे आणि त्यांचे सहकारी आले. या मंडळींनी १९९९ साली एक न्यास स्थापन केला. यंत्राला नाव दिले ‘सिंप्युटर’. साधा, स्वस्त, बहुभाषी असा लोकांचा संगणक, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव जुळविलेले होते. २५ एप्रिल २००१ रोजी त्याचा नमुना लोकांपुढे आला.

सिंप्युटर हे तळहातात मावणारे यंत्र होते. त्याला कळफलक नव्हता. पडद्यावर लहानशा काडीने टेकविले की काम होई. कोणत्याही वाण्याच्या दुकानात मिळणाऱ्या पेन्सिल-सेलवर ते चाले. आतील प्रणाली ‘लिनक्स’ होती, म्हणजे कोणालाही विनामूल्य घेता येणारी आणि उघडून पाहता येणारी. अपेक्षित किंमत सुमारे नऊ हजार रुपये होती. परंतु किंमत आणि आकार यांपेक्षा मोठे असे तीन विचार त्या रचनेत होते, आणि इतिहासाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे आहेत.

पहिला विचार वाणीचा. पडद्यावरील मजकूर यंत्राने स्वतः वाचून दाखवावा, तोही हिंदी, कन्नड अशा आपल्या भाषांतून, अशी योजना होती. त्यासाठी लिखित अक्षरांचे उच्चारांत रूपांतर करणारी आज्ञावली लिहिण्यात आली. आपल्या लिप्या या कामाला अनुकूल आहेत, कारण आपण बव्हंशी जसे लिहितो तसेच उच्चारतो. इंग्रजीत जे काम शब्दाशब्दाला अडते, ते देवनागरीत वा कन्नड लिपीत बरेच सुकर होते. ज्या लिप्यांना संगणकाच्या वाटेतील अडथळा समजले जात होते, त्या येथे साह्यकर्त्या ठरल्या.

दुसरा विचार सामायिकपणाचा. नऊ हजार रुपये हीदेखील गरीब कुटुंबाला न पेलणारी रक्कम आहे, हे या मंडळींना पूर्णपणे ठाऊक होते. म्हणून यंत्र गावाचे असावे, शाळेचे, ग्रामपंचायतीचे वा एखाद्या दुकानदाराचे असावे, आणि प्रत्येक माणसाजवळ फक्त एक लहानसे कार्ड असावे, अशी त्यांनी कल्पना केली. ते कार्ड यंत्रात सरकविले की यंत्र त्या माणसाचे होई. त्याचा हिशेब, त्याच्या नोंदी, त्याची भाषा त्यात उमटे. कार्ड काढले की ते पुढच्या माणसासाठी मोकळे. गावच्या आडावर प्रत्येकाने आपली घागर घेऊन यावे, तसाच हा प्रकार.

तिसरा विचार मोकळेपणाचा. यंत्राची रचना न्यासाने गुप्त ठेवली नाही. ज्याला ते बनवून विकावयाचे असेल त्याने न्यासाकडून परवाना घ्यावा, शुल्क विकसनशील देशांतील कारखानदारांना कमी आणि श्रीमंत देशांतील कंपन्यांना अधिक, आणि केलेल्या सुधारणा कालांतराने सर्वांसाठी खुल्या कराव्यात, असे त्याचे नियम होते. अवजार ज्याचे, त्यालाच त्याच्या पोटात काय आहे हे पाहण्याचा अधिकार असावा, ही त्यामागील निष्ठा.

या यंत्राचे जगात मोठे कौतुक झाले. ब्रूस स्टर्लिंग या अमेरिकन लेखकाने २००१ सालाचा आढावा घेताना, त्या वर्षातील संगणकक्षेत्रातील सर्वांत महत्त्वाची कल्पना म्हणून ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या साप्ताहिकात सिंप्युटरचा निर्देश केला. परंतु कौतुकाने कारखाने चालत नाहीत. नमुन्यापासून बाजारापर्यंत पोहोचावयास तीन वर्षे गेली. मार्च २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्याने आणि विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी काढलेल्या पिकोपेटा या कंपनीने मिळून ‘अमिडा’ नावाचा सिंप्युटर विक्रीस आणला. त्याची किंमत दहा हजार रुपयांच्या आसपास सुरू होत असे आणि रंगीत पडद्याच्या यंत्राला त्याच्या जवळजवळ दुप्पट मोजावे लागत. त्यात यंत्र हातात कलते केले की पडद्यावरील मजकूर हलावा अशीही सोय होती. पुढे परदेशी दूरध्वनींत हीच सोय आली, तेव्हा जगाने ती नवलाई म्हणून डोक्यावर घेतली. कर्नाटकात जमिनीच्या नोंदींच्या कामी, छत्तीसगडमध्ये शाळांतून, कोठे पोलिसांच्या वाहतूक शाखेत, असे सिंप्युटरचे प्रयोग झाले. पन्नास हजार यंत्रे खपतील अशी आशा होती. २००५ सालापर्यंत खपली सुमारे चार हजार. आणि त्यांतीलही थोडीच खेड्यांत गेली.

असे का झाले? सोपे उत्तर असे देता येईल की, किंमत अधिक होती. ते खरेही आहे. थोड्या संख्येने माल काढला की सुटे भाग महाग पडतात. भाग महाग म्हणून यंत्र महाग, यंत्र महाग म्हणून खप कमी, आणि खप कमी म्हणून पुन्हा भाग महाग, असे ते रहाटगाडगे. सरकारने एकदम मोठी मागणी नोंदविली असती तर ते थांबले असते. पण तशी मागणी आली नाही. तथापि मला हे उत्तर अपुरे वाटते. बसवनगुडीच्या जत्रेतील आपल्या शेतकऱ्याच्या हातात सिंप्युटर फुकट दिला असता, तर त्याने त्यात काय पाहिले असते? भाव सांगणारे यंत्र हवे, तर रोज सकाळी बाजार समितीतून भाव गोळा करून त्यात भरणारा माणूस हवा. हवामान सांगावयाचे, तर वेधशाळेपासून त्या गावापर्यंत वाट हवी. बिघडले तर तालुक्याच्या गावी दुरुस्त करणारा हवा. यंत्र तयार होते. त्याच्या भोवतीचे हे जग तयार नव्हते. विहीर बांधून झाली होती, पण झरा लागावयाचा होता.

याच सुमारास कर्नाटकातच घडलेली दुसरी एक गोष्ट हे स्पष्ट करते. राज्य सरकारने ‘भूमी’ नावाच्या योजनेखाली सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या जमिनीच्या दोन कोटी नोंदी संगणकावर चढविल्या. आपल्याकडे ज्याला सातबारा म्हणतात, तशाच या नोंदी. तालुक्याच्या कचेरीत खिडकी उघडली, पंधरा रुपये भरले की उताऱ्याची छापील प्रत हातात मिळू लागली. येथील संगणक लहान नव्हता, स्वस्तही नव्हता आणि शेतकऱ्याने त्याला स्पर्शही केला नाही. तरीही शेतकऱ्याची एक मोठी परवशता कमी झाली, कारण त्या यंत्रात त्याच्या उपयोगाची वस्तू होती.

आणि दुसरीकडे एक वेगळेच लहान यंत्र न बोलावता खेड्यात शिरत होते. आपल्या देशात भ्रमणध्वनी, म्हणजे मोबाइल फोन, ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाला. आरंभी त्याच्यावर एक मिनिट बोलण्यास सोळा रुपयांपर्यंत पडत, आणि दुसऱ्याने केलेला फोन घेण्यासही पैसे द्यावे लागत. २००३ साली येणारे फोन विनामूल्य झाले, दर कोसळले, आणि काही वर्षांतच भाजीवाल्याच्या आणि रिक्षावाल्याच्या खिशात फोन दिसू लागला. त्या फोनात भाव भरून ठेवणारा कोणी लागत नव्हता. पलीकडच्या बाजारातील मेहुण्याला विचारले की भाव कळे. वाचता न येण्याचीही अडचण नव्हती, कारण ते यंत्र मूळचेच वाणीचे. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने केरळच्या किनाऱ्यावरील कोळ्यांचा अभ्यास करून २००७ साली असे दाखविले की, समुद्रातूनच निरनिराळ्या बंदरांतील भाव विचारता येऊ लागल्यावर मासळी वाया जाण्याचे थांबले, कोळ्यांचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी सुमारे चार टक्क्यांनी स्वस्त मिळू लागली. सिंप्युटरने जे करावयाचे योजिले होते, त्यातील बरेचसे त्या साध्या फोनाने करून टाकले.

लहान संगणकाचा दुसरा मोठा प्रयोग शाळेचा. आणि त्याच्यासाठी आपल्याला महाराष्ट्रात यावे लागेल. अमेरिकेतील निकोलस निग्रोपॉंटी यांनी २००५ साली शंभर डॉलरांत मुलांसाठी संगणक करण्याचा संकल्प जाहीर केला. प्रत्येक मुलाला स्वतःचा एक, हे त्यांचे सूत्र. म्हणजे सिंप्युटरच्या सामायिकपणाच्या नेमके उलट. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे ते यंत्र मोठे कौशल्याने बनविलेले होते. धूळपाणी शिरू नये असा त्याचा कळफलक, भर उन्हात वाचता येईल असा पडदा, वजन दीड किलोच्या आत. किंमत मात्र शंभराऐवजी १८८ डॉलरांपर्यंत गेली. आपल्या केंद्र सरकारने २००६ साली ही योजना नाकारली. शाळांना आधी वर्ग आणि शिक्षक हवेत, असा त्यामागील रोख होता. तरीही २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरात-धनगरवाडा या वस्तीवरील एका शाळेत हा प्रयोग झाला. एक खोली, एक शिक्षक, पहिली ते चौथीचे वर्ग एकत्र आणि जेमतेम बावीस मुले. धनगरांच्या त्या मुलांच्या हाती पाटीच्या जागी संगणक आला.

असा प्रसंग डोळ्यांपुढे आणला की मन हेलावते, आणि तसे हेलावणे अयोग्य नाही. परंतु इतिहासाला प्रसंगापलीकडे पाहावे लागते. हीच यंत्रे दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने आठ लाखांहून अधिक विकत घेतली. तेथील तीनशे एकोणीस ग्रामीण शाळांची काळजीपूर्वक पाहणी करून २०१२ साली जो निष्कर्ष निघाला, तो असा: मुलांची विचारशक्ती थोडी तरतरीत झाली, पण गणित आणि भाषा या विषयांतील त्यांच्या प्रगतीत फरक दिसला नाही. पाटी बदलली म्हणून पाढे पाठ होत नाहीत. पाटीवर काय लिहावयाचे हे सांगणारा, आणि लिहिलेले चुकले की जवळ बसून पुसावयास लावणारा माणूस हवाच. नाकारणाऱ्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, हे आता मान्य करावयास हवे. पण वर्ग आणि शिक्षक मिळेपर्यंत त्या मुलांनी थांबून राहावे, हे म्हणणेही बरोबर नव्हते.

आपल्या सरकारनेही पुढे स्वतःचा स्वस्त संगणक काढला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ नावाच्या पाटीवजा संगणकाचे दिल्लीत उद्घाटन झाले. सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास त्याची किंमत. जगातील सर्वांत स्वस्त म्हणून त्याचा गवगवा झाला. पहिल्या यंत्रांविषयी मात्र तक्रारी आल्या. ती मंद चालत, पडदा बोटाला दाद देत नसे, आणि बॅटरी लवकर संपे. मग ते काम मुंबईच्या आयआयटीकडे आले. तेथे प्राध्यापक दीपक फाटक यांनी यंत्राइतकाच त्याच्या भोवतीच्या माणसांचा विचार केला आणि देशभरातील महाविद्यालयीन शिक्षकांना ते शिकविण्यास कसे वापरावे, याची शिबिरे घेतली. दिशा योग्य होती. परंतु तोपर्यंत बाजारात त्याच किमतीचे अधिक चांगले फोन येऊ लागले होते, आणि आकाश हळूहळू मावळला.

मग हे सारे प्रयत्न व्यर्थ गेले असे म्हणावयाचे काय? तसे म्हणणे मला कृतघ्नपणाचे वाटते. आज बहुतेक भारतीयांच्या हाती असलेला फोन हा वस्तुतः एक लहान, स्वस्त संगणकच आहे. सिंप्युटरच्या पोटात ज्या कुळीचा प्रक्रियक होता, त्याच कुळीचा याच्याही पोटात आहे. सिंप्युटर ज्या लिनक्सवर चाले, त्याच लिनक्सच्या गाभ्यावर आजचे बहुसंख्य फोन चालतात. पडद्यावर बोट टेकविणे, आपल्या भाषेत बोलून काम सांगणे, यंत्राने आपल्या भाषेत उत्तर देणे, या गोष्टी आज लहान मूलही करते. बंगळुरातील त्या मंडळींनी भविष्याची दिशा अचूक ओळखली होती. काळ आणि बाजार यांनी त्यांना साथ दिली नाही.

आणि हे यंत्र आज चैनीची वस्तू राहिलेले नाही, हे २०२० सालाने आपल्याला कठोरपणे शिकविले. साथीमुळे मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या आणि शिक्षण फोनावर आले. त्या वर्षीच्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत असे आढळले की, देशाच्या ग्रामीण भागातील ज्या घरांतील मुले शाळेत जातात, त्यांपैकी ६१.८ टक्के घरांत स्मार्टफोन होता. २०१८ साली हेच प्रमाण ३६.५ टक्के होते. दोन वर्षांतील ही वाढ थक्क करणारी आहे. पण उरलेल्या अडतीस टक्के घरांतील मुलांचा विचार करा. आणि ज्या घरात फोन होता, तेथेही तो बापाबरोबर सकाळी कामावर जात असे, हेही लक्षात घ्या. एका घरात एक यंत्र आणि तीन मुले, ही स्थिती आली तेव्हा सिंप्युटरच्या कार्डाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. यंत्र सर्वांचे, पण त्यातील जागा ज्याची त्याची, ही ती कल्पना होती. आपण ‘प्रत्येकाला एक’ या वाटेने गेलो आणि ज्यांना एकही मिळाला नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट ठेवली नाही.

आणखी एक गोष्ट आपण वाटेत गमावली. आजचा फोन स्वस्त आहे, चतुर आहे; पण तो बंद पेटी आहे. त्यात काय चालते, आपण बोललेले कोठे जाते, आपल्याला कोणता भाव दाखविला जातो आणि कोणता दडविला जातो, हे तो वापरणाऱ्याला दिसत नाही. सिंप्युटरच्या तीन विचारांपैकी वाणीचा विचार जगाने उचलला, सामायिकपणाचा अर्धवट सोडला, आणि मोकळेपणाचा बव्हंशी बाजूला टाकला. पूर्वी माहिती अडत्याजवळ होती आणि शेतकरी तिच्याविना परस्वाधीन होता. आता ती त्याच्या खिशातील यंत्रात आहे. पण त्या यंत्राच्या मागे नवा अडत्या बसला नसेल, याची खात्री कोणी द्यावी? त्या खात्रीसाठी यंत्राची किंमत कमी करून भागत नाही. त्यासाठी विचारणारा, जाणणारा, वाचणारा नागरिक लागतो. म्हणजे पुन्हा आपण गोखल्यांच्या त्या फेटाळलेल्या विधेयकापाशीच येऊन पोहोचतो. वाचून दाखविणारे यंत्र हा वाचता न येणाऱ्याचा आधार आहे. वाचता येण्याला तो पर्याय नव्हे.

शेवटी पुन्हा एकदा बसवनगुडीच्या त्या रस्त्यावर जाऊ. कार्तिकातला शेवटचा सोमवार आहे. नंदीला शेंगा वाहून लोक खाली उतरत आहेत. आता रोख पैशांऐवजी पुष्कळजण विक्रेत्यासमोरच्या चौकोनी ठिपक्यांच्या चित्रावर आपला फोन धरतात आणि पैसे चुकते करतात. शेंगा मापून देण्यात गुंतलेल्या विक्रेत्याला फोन उघडून पाहावयाला सवड नसते, आणि पडद्यावरची अक्षरे वाचता येतीलच असेही नाही. पण अशा दुकानांत आता मुठीएवढी एक पेटी ठेवलेली आढळते, आणि पैसे जमा होताच ती कन्नडमध्ये रक्कम मोठ्याने बोलून दाखविते. विक्रेता मान हलवितो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

ज्याला वाचता येत नाही त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारे, खिशाला परवडणारे, जेथे व्यवहार घडतो तेथेच बसणारे लहानसे यंत्र याच शहरात काही माणसांनी कल्पिले होते, आणि त्यांच्या हातून ते तडीस गेले नाही. कल्पना मात्र मेली नाही. ती दुसऱ्या रूपाने, दुसऱ्यांच्या हातून, शेंगांच्या ढिगाशेजारी येऊन बसली. ती पेटी आज एवढेच सांगते की पैसे आले. त्या शेंगांना रास्त भाव मिळाला की नाही, हेही ज्या दिवशी ती सांगेल, आणि खरे सांगेल, त्या दिवशी लोकांच्या संगणकाची कथा पुरी झाली असे म्हणता येईल.